पडून पुन्हा उभे राहिलेले रॅपर : मावसभावाला कोणते अल्बम ऐकवू?

खाडीपलीकडचा :
नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ कुडाळजवळ राहतो, वय २२. मालवणीत रॅप लिहितो. दोन वर्षांपूर्वी त्याने पहिलं गाणं केलं ते मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांवर. जून-जुलैत होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या, बाप अंगणात जाळी शिवत बसलेला, घरात उधारीची वही. ते गाणं आमच्याकडे घराघरांत वाजलं, मुंबईच्या चाकरमान्यांच्या ग्रुपांवर फिरलं. दुसरंही चाललं. तिसऱ्या वेळी त्याने काहीतरी वेगळं करायचं म्हणून आवाजाला ऑटोट्यून (सूर यंत्राने बदलणारं सॉफ्टवेअर) लावला, अर्ध्या ओळी हिंदीत घेतल्या. खाली लोकांनी लिहिलं, 'संपला'. ज्यांनी पहिलं गाणं डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच लिहिलं. शिमग्यापासून त्याने वही उघडलेली नाही. परवा म्हणाला, "दादा, माजा सपला."

येत्या रविवारी त्याला घेऊन रत्नागिरीला जायचं आहे. जाऊन-येऊन सात-आठ तास गाडीत आम्ही दोघंच. मला असे अल्बम सुचवा ज्यांत रॅपर खरोखर घसरला होता आणि नंतर परत आला. घसरलेला अल्बम आणि परतीचा अल्बम, दोन्ही सांगा. नुसती जोश चढवणारी गाणी नकोत, ती त्याला नको वाटतात. आणि एक विचारतो : रॅपर परत आला हे तुम्ही कशावरून ठरवता?

दुपारचा_पाऊस :
अमेरिकेच्या एमिनेमपासून सुरुवात करा, पण सगळ्यांना माहीत असलेल्या गाण्यांपासून नको.

१९९९ ते २००२ या काळात तीन जबरदस्त अल्बम. मग २००४ चा 'एन्कोर'. खप होता, अमेरिकेत पहिला क्रमांकही होता, पण ऐकताना कळतं की माणूस तिथे नाही. गोळ्यांचं व्यसन वाढत गेलं. २००६ मध्ये जिवलग मित्र प्रूफ गोळीबारात गेला. २००७ च्या डिसेंबरात मेथाडोन या वेदनाशामक औषधाच्या अतिसेवनाने हा स्वतः मरता मरता वाचला. २००८ च्या एप्रिलपासून व्यसनमुक्त. त्यानंतर २००९ मध्ये 'रीलॅप्स' आला, त्यात जवळजवळ प्रत्येक गाण्यात विचित्र उच्चार करून गायलाय. ग्रॅमी मिळालं त्याला! तरीही पुढच्याच वर्षी 'रिकव्हरी'मध्ये हाच माणूस सांगतो की मागचा अल्बम फारसा जमला नव्हता, ते उच्चार मी फार ताणले.

तुमच्या भावाला 'रिकव्हरी'तलं 'टॉकिंग टू मायसेल्फ' ऐकवाच. त्यात तो कबूल करतो की पडत्या काळात लिल वेन आणि कान्ये या दोन रॅपरांना शिव्या देणारं गाणं करायच्या बेतात होतो, कारण त्यांना मिळणारं कौतुक बघून जळत होतो. इतक्या मोठ्या माणसाने हे माइकसमोर सांगावं याची किंमत फार आहे. माझ्यासाठी परतीची खूण तीच. तो काय चुकलं ते नाव घेऊन सांगतो, आणि सांगताना लय सोडत नाही.

पुढे २०१७ मध्ये 'रिव्हायव्हल'ने तो पुन्हा घसरला. त्यावर आठ महिन्यांत, कसलीही घोषणा न करता, 'कामिकाझे' आणला. तो टीकाकारांवर चिडून केलेला आहे. शब्दांची फेक तोंडात बोट घालायला लावणारी, पण मला ती परत आल्याची खूण वाटत नाही. रागाने माणूस एक अल्बम काढू शकतो. भावाला तो ऐकवू नका, सध्या तो तेवढंच उचलेल.

कोरसवाला :
मी कणकवलीकडचा, लहानपणापासून बुवांच्या मागे कोरसला बसतो. डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ज्यांनी रात्रभर बसून ऐकली आहे त्यांना रॅपमधली भांडणं नवीन नाहीत. समोरचा बुवा गजरात टोमणा मारून जातो, आणि आपल्या बुवाने पेटीवर बोट ठेवायच्या आत मंडपातली शंभर माणसं ठरवून टाकतात की आज ह्याची बारी पडली.

अमेरिकेच्या नासची बारी अशीच पडली होती. विशीत असताना, १९९४ मध्ये, त्याने 'इलमॅटिक' दिला. पुढे प्रत्येक अल्बम त्याच्याशी ताडला गेला, आणि १९९९ चा 'नास्त्राडेमस' ऐकून चाहत्यांनी हात टेकले. सप्टेंबर २००१ मध्ये रॅपर जे-झीने 'द ब्लूप्रिंट'मधल्या 'टेकओव्हर' गाण्यात हिशेबच मांडला की तुझी सरासरी दहा वर्षांना एक चांगला अल्बम. वर्मावर घाव होता, कारण चाहते तेच कुजबुजत होते. तीन महिन्यांत नासने 'स्टिलमॅटिक' आणला आणि त्यात 'ईथर'. उत्तर इतकं कडक की आजही अमेरिकेत एखाद्याला रॅपमधून पुरता धुतला की गाण्याच्या ह्याच नावाचं क्रियापद वापरतात.

पण खरी गोष्ट पुढे आहे. 'ईथर'ने त्याची इज्जत परत आली, गाणं परत यायला अजून वेळ लागला. २०२० च्या ऑगस्टपासून २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत त्याने हिट-बॉय या निर्मात्याबरोबर सहा अल्बम केले. त्यातल्या पहिल्या 'किंग्ज डिसीज'ला त्याचं आयुष्यातलं पहिलं ग्रॅमी मिळालं, तेव्हा तो ४७ वर्षांचा होता. शेवटचा 'मॅजिक ३' त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी आला. मला वाटतं त्याला पखवाजवाला मिळाला. बुवा कितीही तयारीचा असू दे, पखवाजाशी सूत जुळल्याशिवाय त्याचा आवाज मोकळा होत नाही. भावाला विचारा, तिसऱ्या गाण्याचं संगीत कुणी केलं होतं?

लांजेकर :
आकड्यांवरून न्याय करणाऱ्यांना एवढंच दाखवा. जे-झी २००३ मध्ये निवृत्त झाला, २००६ मध्ये 'किंगडम कम' घेऊन परतला. पहिल्याच आठवड्यात पहिला क्रमांक. पुढे त्याने स्वतःच्या अल्बमांची क्रमवारी लावली तेव्हा तोच तळाला ठेवला. उलट नासचा 'इलमॅटिक' आला तेव्हा बाराव्या क्रमांकावर होता, अमेरिकेत त्याच्या दहा लाख प्रतींची नोंद व्हायला २००१ उजाडलं. 'किंगडम कम'नंतर लगेच २००७ चा 'अमेरिकन गँगस्टर' ऐका, वर्षभरात माणूस किती सावरू शकतो ते कळेल.

वाळूतली_पावलं :
मी रत्नागिरीत परिचारिका आहे, रात्रपाळी संपवून घरी येताना हेच ऐकते. दादा, यादी देते, पण आधी एक कळकळीने विचारते. भाऊ जेवतो ना नीट? झोपतो ना? आजारपणाला 'उतरती कळा' म्हणायची आपल्याला फार वाईट सवय आहे. हनी सिंग २०१४ च्या सुमारास अचानक दिसेनासा झाला तेव्हा लोकांनी किती अफवा उठवल्या! पुढे त्याने स्वतः सांगितलं की त्याला बायपोलर आजार होता. त्याची गाणी मला आवडत नाहीत, बायकांबद्दलच्या ओळी तर अजिबात नाहीत. पण आजारी माणूस घरात बसला म्हणून तो कलाकार म्हणून हरला, हा न्याय मला मान्य नाही. त्या वर्षांचा हिशेब कुणी धरूच नये.

आता नेझी. कुर्ल्याचा मुलगा, २०१४ मध्ये आयपॅडवर चित्रीकरण करून 'आफत' आणलं. २०१५ मध्ये डिव्हाइन या रॅपरबरोबर 'मेरे गली में' हे गाणं. २०१९ मध्ये 'गली बॉय' चित्रपट आला तो या दोघांच्या आयुष्यावरून सुचलेला. सगळा देश ज्या लाटेबद्दल बोलत होता ती सुरू करणाऱ्यांतला हा एक, आणि तोच बराच काळ गप्प होता. २०२१ मध्ये 'मगरिब' अल्बम आला. त्याला 'आफत'सारखी उसळी मिळाली नाही म्हणून 'नेझी संपला' असं माझ्या ओळखीची मुलं म्हणतात. मी विचारते, पूर्ण ऐकलात का? एकानेही ऐकलेला नसतो. वीस वर्षांच्या मुलाचा आवाज त्याने जन्मभर तसाच ठेवावा, अशी ही मागणी आहे. आपल्या आवडत्या माणसाला वाढू न देणं हे प्रेम कसलं?

जुनी पण गोड गोष्ट हवी असेल तर एलएल कूल जे. १९८९ च्या 'वॉकिंग विथ अ पँथर'वर लोक नाराज झाले, हा नाजूक झाला, पैसा दाखवतो म्हणाले. त्याला वाढवलं आजीने. तो हिरमुसून तिच्याकडे गेला तेव्हा ती म्हणाली की बाळा, दे त्यांना एक ठोसा! त्यावरून १९९० चं 'मामा सेड नॉक यू आउट'. त्याची सुरुवातच अशी की याला पुनरागमन म्हणू नका, मी इथेच होतो. हे भावाच्या आजीलाही सांगा.

तुरेवाला :
माका एकच सांगूचा आसा. तेका आपल्या भाषेतलां ऐकव. स्वदेशी या मुंबईच्या गटातला एमसी मवाली मराठीत गातो, त्यांचं २०१९ चं 'द वारली रिव्होल्ट' आरेच्या जंगलावर आहे, त्यात आरेतलेच आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. त्याच गटातला एमसी तोडफोड गुजरातीत गायचा. २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. या मुलांनी आपल्या भाषा सोडल्या नाहीत.

आमच्या संगमेश्वराकडे शक्ती-तुऱ्यात, म्हणजे शाहिरांच्या सवाल-जवाबात, शाहीर हरला तर सवाल घरी घेऊन जातो. पुढच्या वर्षी त्याच मंडपात उत्तर बांधून आणतो, आणि लोक त्या उत्तरासाठी थांबलेले असतात. तुमच्या भावाचं तिसरं गाणं पडलं, पडूंदे. पण हिंदी ओळी कित्याक घातल्यान, ता तेका विचार. कुणासाठी घातल्यान?

खाडीपलीकडचा :
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रत्नागिरीहून परतलो, सांगतो.

जाताना 'नास्त्राडेमस'ची चार गाणी, मग 'स्टिलमॅटिक'. तो खिडकीबाहेर बघत होता. हातखंब्याला चहा घेतला तेव्हा डबलबारीचा विषय काढला, तेव्हा जरा खुलला. येताना 'एन्कोर' थोडा, 'रीलॅप्स'ची दोन, आणि लांजा सोडल्यावर 'टॉकिंग टू मायसेल्फ'. लिल वेनची ओळ आली तेव्हा म्हणाला, मागे घे. पुन्हा ऐकली. तिसऱ्यांदाही. मग राजापूर मागे पडेपर्यंत एक शब्द नाही.

तुरेवाल्यांचा प्रश्न मी विचारला नाही, त्यानेच सांगितलं. वेंगुर्ल्याच्या एका मुलाचं हिंदी गाणं खूप चाललं होतं, ते बघून याने ओळी बदलल्या. बंदीच्या गाण्याची अजून तीन कडवी वहीत पडून आहेत, ती बापाच्या कर्जावर आहेत म्हणून गायला धजला नाही. कोरसवाले, संगीत इंटरनेटवरून तयार उचललं होतं. गावात एक पखवाज वाजवणारा मुलगा आहे, त्याला भेटायचं म्हणतो. ताई, जेवण कमी झालं होतं हे खरं. मावशीशी बोललोय, डॉक्टरकडेही नेतो.

'मगरिब' ऐकायचा राहिला. उतरताना त्याने स्वतःहून मागितला : "दादा, आमच्याकडे रेंज नाय. डाउनलोड करून दी."