बोगद्याच्या तोंडाशी भरदुपारी एवढे दिवे कशाला?

दिवेलागण: समृद्धीचा इगतपुरीचा बोगदा जवळपास 8 किलोमीटरचा. शिवाय मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे भाताण, माडप, कामशेत आहेतच. एलईडी लावले म्हणून पाठ थोपटून घ्यायची आणि भर उन्हात तोंडाशीच सगळ्यात जास्त दिवे जाळायचे, ही उधळपट्टी आहे. रात्री कमी उजेडात भागतं, मग दुपारी का नाही? गाड्यांना हेडलाइट असतात की!

घाटवळण: रात्री डोळे आधीच अंधाराला सरावलेले असतात, म्हणून भागतं. दुपारी उन्हातून येणाऱ्याला बोगद्याचं तोंड म्हणजे नुसतं काळं भोक. आत बंद पडलेला ट्रक दिसणार कसा? 100च्या वेगाने गाडी सेकंदाला 28 मीटर जाते, थांबायला दीडेकशे मीटर लागतात. म्हणून सुरुवातीचा तेवढा पट्टा उजळ ठेवतात आणि पुढे उजेड टप्प्याटप्प्याने उतरवतात. हेडलाइटचं म्हणाल, तर उन्हाने दिपलेल्या डोळ्यांना त्याचा उजेड पुरत नाही.

चहा_खालापूर: दोघंही आतच बघताय. आत किती उजेड हवा हे बाहेर डोळ्यांसमोर किती चकाकतंय त्यावर ठरतं. तोंडाभोवतीचं पांढरंफेक काँक्रीट गडद करा, झाडी वाढवा, वेग 80 करा. तोंडाशी उजेडही कमी लागतो आणि वेग कमी म्हणून उजळ पट्टाही आखूड होतो. आतल्या भिंती मात्र फिकट हव्यात, आणि धुतलेल्या. डिझेलची काजळी बसली की निम्मा उजेड तीच खाते. टेंडरात वॅट लिहितात, धुलाई कोण लिहितो?

दिवेलागण: 80? रस्ता बांधला कशाला मग! त्यापेक्षा आतले एक आड एक दिवे बंद करा.

घाटवळण: तेवढं सोडून काहीही करा. रस्त्यावर उजेड-अंधाराचे पट्टे पडतात. सेकंदाला अडीच ते पंधरा वेळा उजेड लपलपला की डोळ्यांना त्रास होतो, आणि इथे तर पाच मिनिटं आत असतो माणूस. एलईडी सगळे मिळून मंद करता येतात, तेच करा. बाहेर सेन्सर लावला की पावसाळ्यात ढग आल्यावर तोंडाशीही उजेड कमी. इगतपुरीत तर चार महिने बचत.

चहा_खालापूर: आणि सेन्सरच्या काचेवर चिखल बसला की त्याला मे महिन्यातही पावसाळाच वाटणार. ती पुसायला माणूस नेमलाय का, ते आधी विचारा.