'पांदण रस्ता' हा शब्द चूक आहे काय?

पांदणकाठ
मंडळी, अडचण खरी आहे म्हणून विचारतो. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, सगळी काळी माती. पाऊस लागला की वावरात जाणारी पांदण बंद. बैलबंडी आखापर्यंत रुतते, खताची चुंगडी डोक्यावर न्यावी लागते. माझी वहिनी पहिल्यांदाच ग्रामपंचायतीची सदस्य झाली. तिनं गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: 'पांदण रस्त्यावर चिखलाचा गारा झाला आहे. लेडीज बायकांना निंदायला जाता येत नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत परत पुन्हा विषय घ्यावा.'

गावचाच एक मुलगा शहरात नोकरीला आहे. त्याचं लगेच उत्तर आलं: 'पांदण म्हणजेच रस्ता. चिखल म्हणजेच गारा. लेडीज म्हणजेच बायका. परत म्हणजेच पुन्हा. आधी शुध्द मराठी शिका.' त्याच्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. चिखलाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. वहिनीनं मजकूर काढून टाकला, आणि आता म्हणते, 'अर्ज तुम्हीच लिहा भाऊजी.'

तर अर्जात 'पांदण' लिहू की 'पांदण रस्ता'?

रिटायर्ड गुरुजी
पहिली गोष्ट, त्या मुलानं 'शुध्द' लिहिलं आहे. अक्षर 'द्ध' आहे, म्हणजे आधी द, मग ध. त्यानं उलटं जोडलं. हे त्याला खाली पाहायला लावण्यासाठी सांगत नाही. जन्मभर वह्या तपासल्या, आणि दुसऱ्याची चूक शोधताना आपल्या ओळीकडे लक्ष राहत नाही, हे मी स्वतःच्या शेऱ्यांतही पाहिलं आहे.

दुसरं, एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी आले की चूक झालीच, असं मराठीचं व्याकरण मानत नाही. अभ्यस्त शब्दांच्या धड्यात आपण काय शिकवतो? कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत, रीतिरिवाज. यांत एक शब्द फारसी-अरबीकडून आलेला, दुसरा आपल्याकडचा. 'बाजार' तिकडचा, 'हाट' इकडचा. दोन भाषा बोलणारी माणसं एका गावात नांदली, तेव्हा दोघांनाही कळावं म्हणून हे जोड पडले असावेत, असं माझं मत आहे. आपला वऱ्हाड किती शतकं अचलपूरच्या आणि पुढे निजामाच्या अमलाखाली होता, ते आठवा.

भाषाप्रेमी अकोला
गुरुजी, आदर ठेवून असहमत. 'कागदपत्र' हा मुरून एक शब्द झाला आहे. 'लेडीज बायका' मुरलेला नाही. एसटीत 'लेडीज' लिहिलेली सीट बघून बघून तो तोंडात बसला. 'पिवळा पीतांबर' आणि 'गाईचं गोमूत्र' यांना आपण शाळेत चूक म्हणतो ना? मग याला का सोडायचं? वहिनींना हसणं वाईटच, त्याबद्दल दुमत नाही. पण कोणी दुखावेल म्हणून चुकीला चूक म्हणायचंच नाही, तर भाषा सांभाळणार कोण? आता तर अभिजात दर्जाही मिळाला.

कोरडवाहू
अकोल्याचे आहात ना भाऊ? मग बियाणं आणायला कुठं जाता? सगळं गाव म्हणते 'पीकेव्ही विद्यापीठात'. पीकेव्ही म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठ, त्यातला व्ही विद्यापीठाचाच आहे. चिखलदऱ्याला गेलो की 'गाविलगड किल्ला' पाहतो. गड म्हणजेच किल्ला, पण नुसतं 'गाविलगड पाहिला' म्हटलं तर पोरं विचारतात, गाव आहे काय? 'वैनगंगा नदी', 'पैनगंगा नदी' हे तर शाळेच्या नकाशावर छापलेलं असते.

भाषाप्रेमी अकोला
वैनगंगेचं उदाहरण इथं चालत नाही. तिथं गंगा हा नावाचा भाग आहे, 'नदी' हा जातिवाचक शब्द.

कोरडवाहू
चालते कसं नाही? आपल्याकडे गंगा म्हणजेच नदी. गोदावरीलेही लोक गंगाच म्हणतात. आणि तुमचाच नियम लावला तर पांदण रस्त्यात 'रस्ता' हा जातिवाचकच झाला की.

वऱ्हाडची लेक
नदीवरून जरा मागे येऊ का? मी अचलपूर तालुक्यातली, आता पुण्यात असते. चिखल आणि गारा एक नाहीत! पाऊस पडला की होतो तो चिखल. तो पायानं तुडवून तुडवून लोण्यासारखा केला, की त्याचा गारा. माझी आजी भिंत लिंपायला गारा करायची. त्यात कुटार, म्हणजे भुसा, टाकायची आणि आम्हा नातवंडांना तुडवायला लावायची. चांगला तुडवला नाही तर भिंतीला तडे जायचे. 'चिखलाचा गारा झाला' याचा अर्थ ढोरं, बंड्या, ट्रॅक्टर जाऊन जाऊन वाट पार मळून निघाली. हे एका शब्दात सांगायला मला प्रमाण मराठीत शब्द सापडत नाही. त्या मुलानं वहिनीच्या वाक्यातलं सगळ्यात अचूक ठिकाण खोडलं, याचं मला फार वाईट वाटतं.

इथं आल्यावर मी 'वापस आली' म्हटलं की लगेच कोणीतरी 'परत आले' असं दुरुस्त करायचं. मी वर्षभर कमीच बोलले. आपण 'वापस' म्हणतो याला कारण आहे. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होती, हिंदी आपल्या कचेरीत आणि बाजारात होतीच. आणि ज्या ऋद्धपुरात तेराव्या शतकात लीळाचरित्र लिहिलं गेलं, ते आमच्या अमरावती जिल्ह्यातलं. आम्हाला मराठी शिका म्हणताना एवढं तरी ध्यानात असावं.

तहसीलसमोरचा
मी अर्ज लिहून देतो, रोजचं काम आहे. पांदणकाठ भाऊ, 'पांदण रस्ता'च लिहा, आणि पुढं नकाशाचा आधार द्या. गावनकाशावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेनं असतो, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं, सव्वाआठ फूट. लोक बोलताना दोन्हीला पांदण म्हणतात. नुसतं 'पांदण' लिहिलं तर समोरचा म्हणतो पायवाट आहे, बंडी कशाला नेता? सरकारी योजनेच्या कागदातही 'शेत/पाणंद रस्ते' असंच आहे.

कोणी धुरा, म्हणजे बांध, फोडून वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. वाटच नसेल आणि बांधावरून नवी मागायची असेल तर जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. कलम चुकलं की तारखा वाढतात. शब्द दोनदा आला म्हणून अर्ज परत आलेला मी अजून पाहिला नाही.

रिटायर्ड गुरुजी
'पाणंद' आणि 'पांदण' यांत मूळ कोणतं? मला वाटतं पंथावरून पांद, त्यावरून पांदण.

कोरडवाहू
नाही गुरुजी. दोन धुऱ्यांच्या मधात खोल वाट, पावसाचं पाणी तिच्यातूनच वाहते. पाणी वाहते म्हणून पाणंद. आमचा बुढा हेच सांगे.

भाषाप्रेमी अकोला
व्युत्पत्ती अशी कानावरून ठरत नाही. 'गारा'बद्दल मात्र ताईंचं मान्य, मला तो फरक माहीत नव्हता. 'लेडीज बायका' अजूनही मान्य नाही.

वऱ्हाडची लेक
तो मलाही आवडत नाही. पण ते तुम्ही वहिनींना एकटीला निरोप पाठवून सांगितलं असतं की गावासमोर?

भाषाप्रेमी अकोला
एकटीला. पण गावासमोर चूक राहिली तर बाकीचे तेच शिकतात, त्याचं काय?

पांदणकाठ
सगळ्यांचे आभार. तहसीलसमोरच्या दादांचं उत्तर वहिनीला वाचून दाखवलं. साडेसोळा फुटांचं ऐकल्यावर तिनं वही माझ्या हातातून घेतली. तलाठ्याकडून गावनकाशा पाहून येते म्हणाली. ताईंचं गाऱ्याचं दोनदा वाचायला लावलं. अर्ज तीच लिहीत आहे, 'पांदण रस्ता' ठेवला, 'बायकांना' एवढंच ठेवलं. आता मला विचारते, साहेबाला गारा कळंल काय, की चिखल लिहू?

कोरडवाहू
दोन्ही लिहा वहिनी. आणि गुरुजी, धुऱ्यामधल्या पाण्याचं तुम्ही काही बोलले नाही.