पोम्पेई : ‘पाच’ मान्य, पण पाच गावं आली कुठून?

मूर्धन्य : पाच वस्त्या एक होऊन प्राचीन इटलीतलं पोम्पेई नगर झालं, म्हणून हे नाव, असं सर्रास छापतात. यातला ‘पाच’ पक्का आहे. इंडो-युरोपीय मूळ भाषेतला ‘क्व’ लॅटिनमध्ये टिकला, दक्षिण इटलीतल्या कंपानिया भागाच्या जुन्या ऑस्कन भाषेत त्याचा ‘प’ झाला. लॅटिन ‘क्विस’ (कोण), ऑस्कन ‘पिस’. तसंच लॅटिन ‘क्विंक्वे’ (पाच, आपल्या ‘पञ्च’चं भावंड) आणि ऑस्कन ‘पोम्पे’. हे शेवटचं रूप अनुमानित आहे, पण ‘पोम्तिस’ (पाचदा) ऑस्कन लेखात मिळतं. ‘वस्त्या’ मात्र नावात कुठेच नाहीत. माझ्या मते गाव घराण्यावरून आलं : पोम्पेयुस या कुलनामाचं अनेकवचन पोम्पेयी.

अनुस्वार : घराण्याचं पटत नाही. वेयी, गाबी, अथेने (अथेन्स), कुमे ही गावंही लॅटिनमध्ये अनेकवचनीच. तिथे कुठलं कुळ शोधणार? शिवाय पोम्पेयुस म्हणजे मुळात ‘पोम्पेईकडचा’ असाही उलटा प्रवास शक्य आहे. आणि पाचव्या मुलावरून कुलनाम पडायचं तर क्रमवाचक (‘पाचवा’) हवं. ते ऑस्कनमध्ये आहेच : पुंतीस, म्हणजे लॅटिन पोंतियुस.

मूर्धन्य : क्रमवाचकाचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण म्हणून पाच वस्त्या सिद्ध होत नाहीत. तसे पाच अवशेष कुणी दाखवलेले नाहीत.

अनुस्वार : तेही खरं. म्हणून मी ‘पाच’ या मूळ शब्दापाशीच थांबते. पोम्पेईतल्या विबियुस आदिरानुसच्या मृत्युपत्राचा ऑस्कन शिलालेख नेपल्सच्या संग्रहालयात आहे. त्यात अधिकाऱ्याला ‘क्वाइस्तुर पुम्पाइयान्स’ (पोम्पेईचा कोषाधिकारी) म्हटलंय. रोमन वसाहत इ.स.पू. ८० ची, हा लेख त्याआधीचा; म्हणजे नाव स्थानिक आहे. हर्क्युलिसच्या मिरवणुकीवरून (‘पोंपा’) नाव पडलं, ही रोमन लेखक सोलिनुसची कथा त्यामुळे बाजूला ठेवावी.

विभक्ती : वाद चालू द्या, पण वापर तरी नीट करा. लॅटिनमध्ये ‘पोम्पेईला’ म्हणजे पोम्पेयोस, ‘पोम्पेईत’ आणि ‘पोम्पेईहून’ दोन्ही पोम्पेयीस. आधी ‘इन’ (मध्ये) किंवा ‘आद’ (कडे) लावायचं नाही. आपण ‘गावी’ म्हणतो तेव्हा ‘मध्ये’ जोडत नाही, तसंच. नवशिके ‘इन पोम्पेयीस’ लिहितात कारण दुसऱ्या शब्दांसोबत ‘इन’ची सवय झालेली असते. क्रियापद अनेकवचनी. मात्र रोमन लेखक सेनेका भूकंपाबद्दल लिहिताना ‘पोम्पेयोस, केलेब्रेम कंपानिये उर्बेम’ (पोम्पेई, कंपानियाचं नामांकित नगर) म्हणतो : नाव अनेकवचनी, सोबतचं ‘नगर’ आणि त्याचं विशेषण एकवचनी. ते चूक नाही. विशेषण ‘उर्बेम’चं आहे, नावाचं नाही.