संगीत साप्ताहिकाचे विश्लेषण कुठून सुरू करावे?

प्रश्न (मालवण): माध्यम अभ्यासाच्या प्रकल्पासाठी मी ब्रिटनचे ‘एनएमई’ (न्यू म्युझिकल एक्सप्रेस) हे संगीत साप्ताहिक निवडले आहे. मांडणी, वाचकवर्ग आणि प्रतिनिधित्व (कोणाला आणि कसे दाखवले आहे) यांपैकी आधी काय घ्यावे?

उत्तर (रत्नागिरी): वाचकवर्ग घ्यावा, कारण मांडणी त्याच्यासाठीच ठरते. १९५२ साली सुरू झालेले हे साप्ताहिक २०१५ मध्ये विनामूल्य झाले, म्हणजे त्याची मदार जाहिरातींवर आली. २०१८ मध्ये छापील साप्ताहिक बंद झाले. विनामूल्य होण्यापूर्वीची आणि नंतरची मुखपृष्ठे शेजारी ठेवून शीर्षकाचा आकार, रंग आणि कलाकाराची नजर तपासा.

उत्तर (कुडाळ): कोण दिसत नाही, हेही नोंदवा. गायिकेच्या छायाचित्राखाली तिच्या संगीताविषयी लिहिले आहे की केवळ पेहरावाविषयी? आपल्याकडेही दशावतारातला राजा छापला जातो, पखवाजवादक मात्र चौकटीबाहेर राहतो, याची मला मनापासून खंत वाटते.