मदत हवी आहे: अमरिलोचं कॅडिलॅक रँच आणि मुक्कामाचं मोटेल

नमस्कार मंडळी, आई-बाबा डॅलसला आलेत तर लाँग वीकेंडला अमरिलोला जायचा बेत आहे. तिथे आय-४० हायवेच्या कडेला शेतात दहा जुन्या कॅडिलॅक गाड्या नाकावर उभ्या पुरल्यात ना, १९७४ पासून, आणि येणारा-जाणारा कोणीही त्यावर स्प्रे मारतो, तेच बघायचंय. बाबा म्हणतात चांगल्या गाड्या मातीत घातलेल्या बघायला सहा तास ड्राइव्ह कसला, पण स्वतःसाठी भगवा रंग आधीच सांगून ठेवलाय 😄

तर प्रश्न असा की मोटेल कुठलं घ्यावं? आईचे गुडघे दुखतात त्यामुळे तळमजल्यावरची, गाडी दारासमोर लागेल अशी खोली हवी, आणि बेडबग वगैरे भानगड नको. बिग टेक्सन या तिथल्या स्टेक रेस्टॉरंटचं स्वतःचं मोटेल आहे असं कळलं, मजेशीर वाटतंय, पण ७२ औंसाचा स्टेक तासाभरात संपवला की फुकट अशी ख्याती असलेल्या ठिकाणी आमच्या शाकाहारी आईला काय मिळणार? राइस कुकर नेला तर चालतो का खोलीत? पाऊस झाला असेल तर गेटपासून गाड्यांपर्यंत चिखल किती असतो, साडीवर जमेल का? जवळची पालो ड्युरो कॅन्यन (मोठी दरी) त्याच दिवशी उरकेल की दुसरा दिवस ठेवावा?