पळ्ळूत शेतकरीच नायक आहे
तमिळ सिट्रिलक्कियम, म्हणजे तमिळमधले छोटे काव्यप्रकार, म्हणजे नुसती राजांची आणि देवांची स्तुती, शेतकरी त्यात कुठे, असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही, त्यातला पळ्ळू हा अख्खा काव्यप्रकारच भातशेतीवर उभा आहे. तिरुनेलवेलीजवळचं मुक्कूडल पळ्ळू घ्या, शेतात राबणारा पळ्ळन, त्याच्या दोन बायका, एक विष्णूची भक्त, एक शिवाची, एकमेकींच्या देवांची उणीदुणी काढत भांडतात, जमीनदार पळ्ळनला खोड्यात घालतो, आणि मधे मधे भाताच्या जाती, बैल, नदीचा पूर, मासे यांच्या नावांची काय रेलचेल! बरंचसं सिंदू या गेय छंदाच्या चालीत, म्हणजे गायलाच रचलेलं, त्यामुळे ती भाताची नावंसुद्धा ठेक्यात येतात, मला तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

आणि याच कुळातल्या कुरवंजीत, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या कुरवंजी बाईवरच्या नृत्यनाट्यात, तर मराठीही आहे, तंजावरच्या सरफोजीराजांची देवेंद्र कुरवंजी.