'यूज्वली'मधला तो ज

इंग्रजी 'यूज्वली' (usually) या शब्दातला ज 'जाळं'मधल्या जसारखा म्हणा, असा सल्ला एकाने दिलाय. हे मला पटत नाही. जाळ्यातला ज दंततालव्य, म्हणजे जीभ दातांच्या मागे टेकवून म्हटलेला, तो फार तर इंग्रजी 'झू'च्या (zoo) जवळ नेईल. जेटीतला ज तालव्य, म्हणजे जीभ टाळूला टेकवून म्हटलेला, तो 'जॅम'ला चालतो. यूज्वलीत मात्र यातला एकही नाही. तिथे आहे तो 'श'चा घोष जोडीदार, म्हणजे गळा थरथरवून म्हटलेला श, आणि मराठीला तो ध्वनीच नाही. त्यामुळे देवनागरीत कसंही लिहिलं तरी वाचणारा आपलाच ज म्हणणार.

मी वेंगुर्ल्याकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. मुलांना गळ्यावर दोन बोटं ठेवायला सांगते. आधी लांब 'स्स्स', मग जीभ न हलवता गळा थरथरवायचा. डासासारखी गुणगुण ऐकू येते. मग बाळाला गप्प करताना करतो तसं 'श्श्श', आणि पुन्हा फक्त गळा सुरू करायचा. जो आवाज निघतो तोच यूज्वलीतला! जीभ टाळूला टेकली की संपलं, लगेच ज होतो. होडीवर जाणाऱ्या घरातली एक मुलगी म्हणाली, "बाई, हा तर लांबून येणाऱ्या इंजिनाचा आवाज." त्यानंतर अख्ख्या वर्गाला तो जमला. मेझर, प्लेझर, टेलिव्हिजन यांतही हाच ध्वनी आहे, तेव्हा एकदा बसला की सगळीकडे कामाला येतो.

आणि आघात पहिल्या 'यू'वर द्या. पुढचं सैल सोडा, भरभर बोलताना इंग्रज लोकही त्याची तीनच अक्षरं करतात.